बाळ जागे, आई जागी. मग आपण का झोपलो आहोत?

एप्रिल महिना होता. जयंतीची वर्गणी, मिरवणुकीची परवानगी, व्याख्यात्यांचे दौरे यात दिवस कसे जात होते ते कळत नव्हते. घरी तीन आठवड्यांचे बाळ होते. एका रात्री साडेअकराला बैठक संपवून घरी पोचलो. पत्नी भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर बाळ, डोळे लाल. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "समतेवर बोलून आलात ना, आता तासभर याला घ्या. मला पाठ टेकू द्या." त्या रात्री मी बाळाला घेतले, पण वीस मिनिटांत ते रडू लागले तसे परत तिच्याकडे दिले आणि झोपी गेलो.

हा प्रसंग माझ्या एकट्याचा नाही. जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, धुळे, शिरपूर, साक्री, कुठेही जा. चळवळीत धावणाऱ्या तरुणांच्या घरात हेच दिसेल. बाळाच्या जन्माचे पेढे आपण वाटतो, विहारात नामकरणही करतो. पण पुढचे तीन महिने आईने किती तास झोप घेतली, हे कोणी विचारत नाही. झोप हा बायकांच्या कुरकुरीचा विषय मानला जातो. प्रत्यक्षात तो आरोग्याचा आणि श्रमाच्या वाटपाचा, म्हणजेच समतेचा विषय आहे. म्हणून त्यावर नीट समजून घेऊन बोलू या.

बाळ रात्री का जागते?

पहिली गोष्ट, बाळ हट्टी नसते आणि त्याला कोणाची दृष्टही लागलेली नसते. नवजात बाळ दिवसाच्या चोवीस तासांत साधारण १४ ते १७ तास झोपते. पण ही झोप दोन-तीन तासांच्या तुकड्यांत असते. दिवस आणि रात्र ओळखणारे शरीरातले घड्याळ जन्मतः तयार नसते. ते घडायला दोन ते तीन महिने लागतात. त्यामुळे पहाटेचे तीन आणि दुपारचे तीन यांत त्याच्या दृष्टीने काही फरक नसतो.

दुसरे कारण पोटाचे. नवजात बाळाचे पोट अगदी लहान असते आणि आईचे दूध लवकर पचते. म्हणून चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजावे लागते. रात्रीचे पाजणे टाळून चालत नाही. दूध तयार करणाऱ्या संप्रेरकाचे प्रमाण आईच्या शरीरात रात्री जास्त असते, त्यामुळे रात्री पाजल्याने दूध टिकते.

तिसरे, बाळाची निम्मी झोप हलकी असते. त्या झोपेत ते हातपाय हलवते, कण्हते, तोंड वेडेवाकडे करते, कधी क्षणभर रडतेही. आपण लगेच उचलतो आणि झोपलेल्या बाळाला आपणच जागे करतो. मिनिटभर थांबून पाहिले तर पुष्कळदा ते पुन्हा शांत होते.

आता आईचा हिशेब करू. दिवसात नऊ वेळा पाजणे, प्रत्येक वेळी पाजणे-ढेकर काढणे-लंगोट बदलणे मिळून चाळीस मिनिटे धरली, तरी सहा तास होतात. त्यात कपडे, अंघोळ, स्वयंपाक आणि भेटायला येणारे पाहुणे मिळवा. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते. ती या हिशेबात कुठे बसते? बसलीच तर अर्ध्या-पाऊण तासाच्या तुकड्यांत बसते. आपल्या झोपेचे एक चक्र साधारण दीड तासाचे असते. ते पूर्ण होण्याआधीच उठावे लागले तर एकूण तास भरूनही थकवा जात नाही. म्हणून आईला एकूण तासांइतकाच सलग झोपेचा तुकडाही महत्त्वाचा असतो.

झोप नसेल तर काय होते?

चिडचिड, विसरभोळेपणा, डोके दुखणे हे सर्वांना ठाऊक आहे. पण गोष्ट तिथे थांबत नाही. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बऱ्याच आयांना विनाकारण रडू येते, मन हळवे होते. ते साधारण दोन आठवड्यांत ओसरते. ओसरले नाही, उदासी वाढत गेली, बाळाबद्दल काही वाटेनासे झाले, बाळ झोपले असतानाही झोप लागेना, "मी वाईट आई आहे" असे विचार येऊ लागले, तर ते प्रसूतीनंतरचे नैराश्य असू शकते. सततच्या जागरणाने त्याचा धोका वाढतो. हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत. "आमच्या वेळी आम्हाला नाही झाले असले काही" या वाक्याने तो बरा होत नाही.

बापालाही धोका आहे. अर्धवट झोपेत सकाळी मोटारसायकल काढून मुंबई-आग्रा किंवा सुरत-नागपूर महामार्गावर जाणे म्हणजे जिवाशी खेळ. ज्याला रात्री जागायचे आहे त्याने लांबचे दौरे कमी करावेत.

झोपेसाठी अफू: गिरणगावातला इतिहास

आईच्या विश्रांतीचा प्रश्न आपल्या इतिहासातही आहे. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगार स्त्रियांची पाहणी झाली. तेव्हा पुढे आलेली गोष्ट अंगावर काटा आणणारी होती. कामावर जाणाऱ्या आया आपल्या तान्ह्या बाळांना अफूची 'बाळगोळी' देत. बाळ दिवसभर गुंगीत पडून राही, म्हणून आईला पाळी करता येई. आणि रात्री ते शांत राही, म्हणून तिला चार तास झोप मिळे. या आया क्रूर नव्हत्या. कामावर गेले नाही तर मजुरी नाही, आणि बाळ सांभाळायला कोणी नाही, अशा कात्रीत त्या सापडल्या होत्या. चाळीच्या एका खोलीत आठ-दहा माणसे राहत. खानदेशातून गिरण्यांत गेलेली माणसेही त्याच चाळींत राहत होती.

या पार्श्वभूमीवर जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर चर्चा झाली. बाबासाहेबांनी विधेयकाला पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची मांडणी होती. हा खर्च मोठ्या प्रमाणात सरकारने उचलला पाहिजे, पण स्त्रीच्या श्रमातून मालकालाही फायदा होतो, तेव्हा त्यानेही आपला वाटा देणे न्याय्य आहे, असे त्यांनी सांगितले. दोनच वर्षांपूर्वी, १९२६ साली, त्यांचा राजरत्न गेला होता. बाबासाहेब आणि रमाईने चार लेकरे गमावली होती. तान्ह्या बाळाचे आणि थकलेल्या आईचे दुःख त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

१९२९ साली मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी खाणीतील स्त्रियांच्या प्रसूती लाभ कायद्यात १९४३ साली सुधारणा मांडली. कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्तीही १९४६ साली त्यांच्याच काळातली. कामाचे तास कमी करणे म्हणजे विश्रांतीचे तास परत मिळवणे होय. झोप हा श्रमिकाचा हक्क आहे ही गोष्ट आपल्या चळवळीच्या पायातच आहे. फक्त आपण ती कारखान्याच्या दारापर्यंत नेली, घराच्या उंबऱ्याच्या आत आणली नाही.

खानदेशातल्या अडचणी

पुस्तकातले सल्ले आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याचे घर रात्री बारापर्यंत तापलेले असते, त्यात वीज गेली की बाळ आणि आई दोघेही जागे. अशा वेळी बाळाला एकच पातळ सुती कपडा पुरे. टोपी, मोजे, दुपटे यांचे ओझे नको. कूलरचा झोत थेट अंगावर येऊ देऊ नये. मच्छर अगरबत्तीच्या धुरापेक्षा मच्छरदाणी केव्हाही चांगली. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीचा धूर करण्याची पद्धत अजून काही घरांत आहे, ती बंद करावी. आणि उन्हाळा कितीही असो, सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला वरचे पाणी नको. आईच्या दुधातच पुरेसे पाणी असते. पाणी आईने भरपूर प्यावे.

दुसरी अडचण पाळीची. भुसावळच्या रेल्वेत, दीपनगरच्या वीज केंद्रात, वरणगावच्या आयुध कारखान्यात, जळगावच्या एमआयडीसीत आपली कितीतरी पोरे रात्रपाळी करतात. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत आणि कापसाच्या वेचणीला जाणाऱ्या आयांना तर सुटी हा शब्दच लागू नाही. सव्वा महिना झाला की ओटीत बाळ घेऊन त्या कामावर जातात.

तिसरी अडचण माहेरची. पहिले बाळंतपण माहेरी होते. आईला थोडी विश्रांती मिळते ही त्यातली चांगली बाजू. पण बाप दोन-तीन महिने बाळापासून दूर राहतो. बाळ घरी येते तेव्हा आई तरबेज झालेली असते आणि हा नवखा असतो. मग "मला नाही जमत" हे वाक्य आयुष्यभर चिकटते. उपाय सोपा आहे. साप्ताहिक सुटीला सासुरवाडीला जा आणि पाहुण्यासारखे जेवून परत येऊ नका. ती एक रात्र बाळ तुम्ही सांभाळा.

पाळ्या कशा लावाव्यात?

पाजणे आईलाच करावे लागते. पण बाळाला उचलून आणणे, ढेकर काढणे, लंगोट बदलणे, खांद्यावर घेऊन फिरवणे, पुन्हा निजवणे, ही कामे कोणीही करू शकते. चाळीस मिनिटांतली आईची वीस वाचली तरी रात्रीतून तास-दीड तास हाती येतो.

दिवसा काम असणाऱ्या घरात रात्रीचे दोन भाग करा. आईने रात्री नऊला पाजून लगेच झोपावे, भांडी राहू द्यावीत. नऊ ते एक बाळाची जबाबदारी बापाची. मध्ये भूक लागली तर बाळाला आईच्या कुशीत द्यावे, तिने आडवे होऊनच पाजावे, आणि बापाने जागे राहून बाळ परत घ्यावे. एकनंतर आईची पाळी, तेव्हा बाप सलग झोपेल. घरात सासू, नणंद, जाऊ असेल तर पहाटेचे दोन तास तिला द्या. सिझेरियन झाले असेल तर पहिले काही आठवडे आईने बाळासाठी उठूच नये, बाळ तिच्यापर्यंत आणून द्यावे.

रात्रपाळीवाल्या बापाने सकाळी घरी आल्यावर आठ ते अकरा बाळ घ्यावे. त्या वेळात आईने दार लावून झोपावे. मग दुपारी बारापासून त्याने आपली झोप पूर्ण करावी. घरातल्यांनी या दोन्ही झोपा सारख्याच मोलाच्या मानल्या पाहिजेत. "तो कामावरून आलाय" हे खरे, पण तीही रात्रभर कामावरच होती.

बाळाचे घड्याळ लवकर घडावे म्हणून दिवसा खोलीत उजेड आणि नेहमीचे आवाज असू द्या. रात्री पाजताना मंद दिवा, कमी बोलणे, मोबाइल बंद. पहिले दोन आठवडे बाळ तीन तासांपेक्षा जास्त झोपले तर उठवून पाजावे. वजन नीट वाढू लागल्यावर किती झोपू द्यायचे, हे आशाताईला किंवा डॉक्टरांना विचारून ठरवावे.

पाहुण्यांसाठी एक वेळ ठरवा, उदाहरणार्थ संध्याकाळी पाच ते सहा. हे सांगण्याचे अवघड काम बापाने करावे, सुनेवर ढकलू नये. आणि आपण स्वतः कोणाच्या बाळाला भेटायला गेलो तर अर्धा तास बसावे, चहाची वाट पाहू नये, जमल्यास भाजी-भाकरीचा डबा घेऊन जावे.

हे करू नका

बाळ झोपावे म्हणून अफू, खसखशीचे बोंड, मद्याचे थेंब, खोकल्याचे औषध किंवा कोणाची तरी 'घुटी' देऊ नका. गुंगीत बाळाचा श्वास थांबू शकतो. शंभर वर्षांपूर्वीच्या आईचा नाइलाज होता, आपला नाही.

बाळाला नेहमी पाठीवर निजवा. अंथरूण घट्ट आणि सपाट हवे. मोहरीची उशी, जाड गोधडी, तोंडावर ओढणी नको. साडीची झोळी कोणाची नजर असेल तेवढ्यापुरती ठीक, पण त्यात मान वाकून श्वासाला अडथळा येऊ शकतो. म्हणून रात्रीची झोप सपाट जागीच हवी. दारू प्यायलेल्या, विडी-सिगारेट ओढणाऱ्या किंवा झोपेचे औषध घेतलेल्या माणसाने बाळाच्या अंथरुणात झोपू नये. सोफ्यावर किंवा खुर्चीत बाळाला छातीवर घेऊन झोपणे तर फारच धोक्याचे.

एक उलटा धोकाही लक्षात ठेवा. एरवी रडणारे बाळ अचानक फार सुस्त झाले, पिण्यासाठी उठेना, अंग तापले किंवा गार पडले, श्वास जोरात चालू लागला, तर "बरे झाले, शांत झोपले" असे समजू नका. ताबडतोब दवाखान्यात न्या. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

मदत आणि हक्क

दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर आशाताईने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन बाळ-बाळंतिणीला पाहायचे असते. घरी प्रसूती झाली तर पहिल्या दिवशीही. या भेटीत फक्त बाळाचे वजन होऊ देऊ नका, आईच्या झोपेबद्दल आणि मनाबद्दलही बोला. उदासी दोन आठवड्यांपुढे गेली तर 'टेलिमानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते. जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे मानसोपचाराची सोय आहे. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आईने बोलून दाखवले, तर तिला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत आईला पगारी रजा मिळते; आधी ती १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यानुसार मिळत असे. २०१७ च्या दुरुस्तीने ती पहिल्या दोन बाळांसाठी २६ आठवडे झाली. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेले असावे लागते. कामावर परतल्यावर बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी सुटी, आणि पन्नास किंवा अधिक कामगार असतील तर पाळणाघर, हेही हक्क आहेत. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही २६ आठवड्यांचा हक्क कायम आहे. कंत्राटदाराकडे काम करणाऱ्या भगिनींना हे माहीत नसते, कार्यकर्त्यांनी सांगितले पाहिजे.

रेल्वेसह केंद्र सरकारच्या नोकरीत बापालाही पहिल्या दोन अपत्यांसाठी १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. ती घ्या, आणि घेतली तर घरीच राहा. खाजगी नोकरीतल्या बापासाठी असा कायदा नाही. ती मागणी आपल्या कामगार संघटनांनी उचलायला हवी.

पंतप्रधान मातृ वंदना योजनेत पात्र मातेला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात. अर्ज अंगणवाडी किंवा आशाताईंमार्फत होतो. बांधकाम कामगार म्हणून मंडळाकडे नोंद असेल तर प्रसूतीसाठी वेगळे अर्थसाहाय्य आहे. शेतमजूर आईच्या बुडालेल्या मजुरीपुढे ही रक्कम तोकडी आहे. पण ज्या आठवड्यात ती हाती येते, त्या आठवड्यात तिला वेचणीला न जाता झोपता येते, हे विसरू नका.

घर सोडण्याची गोष्ट

कार्यकर्त्याच्या घरातल्या गैरहजेरीचे समर्थन करताना एक दाखला हमखास दिला जातो: सिद्धार्थ गौतमानेही मध्यरात्री, झोपलेल्या पत्नीला आणि तान्ह्या राहुलला सोडून गृहत्याग केला. बाबासाहेबांनी ही कथा स्वीकारलेली नाही. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांमध्ये निर्माण झालेला संघर्ष आहे. तिथे सिद्धार्थ चोरपावलांनी जात नाही. तो यशोधरेशी बोलतो आणि ती विचारपूर्वक संमती देते. पत्नी झोपेत असताना तिच्या आयुष्याचा निर्णय घेणारा नायक बाबासाहेबांना मान्य नव्हता. आपण तर दौऱ्याला जाताना फोनवरही नीट सांगत नाही.

विनयपिटकातली दुसरी एक गोष्ट आठवा. एक भिक्खू पोटाच्या आजाराने स्वतःच्या घाणीत पडून होता. कोणी जवळ जात नव्हते. बुद्धाने आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. लंगोट बदलायला कमीपणा वाटणाऱ्या प्रत्येक धम्मबांधवाने ही गोष्ट मनात ठेवावी.

आता करण्यासारखे. दर ३१ जुलैला आपण लळिंगच्या लांडोर बंगल्यावर बाबासाहेबांच्या स्मृतीला अभिवादन करायला जातो. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन करतो. या वर्षी प्रत्येक विहाराने आपल्या वस्तीतल्या बाळंतिणींची यादी करावी. महिला मंडळाने डब्यांच्या आणि दुपारी दोन तास बाळ सांभाळण्याच्या पाळ्या लावाव्यात. जिथे तान्हे बाळ आहे त्या गल्लीत जयंतीचा डीजे दहानंतर वाजणार नाही, हे समितीने ठरावात लिहावे. ज्याच्या घरी तीन महिन्यांच्या आतले बाळ आहे, त्या कार्यकर्त्याला रात्रीच्या बैठकीला बोलावू नये, आणि आलाच तर आठ वाजता घरी पाठवावे.

माझे बाळ आता शाळेत जाते. त्या रात्री वीस मिनिटांत परत दिलेले ते बाळ आणि पत्नीचे लाल डोळे अजून आठवतात. तो तास मला परत करता येणार नाही. तुमच्या घरी आज बाळ असेल तर तुमच्या हातात मात्र तो आहे. आज रात्री नऊ वाजता बाळ घ्या आणि आईला झोपू द्या.

जय भीम.